अमेरिकेत जोडीदार आणि मुलांसाठी आयटीआयएन: अर्जाचा क्रम, कागदपत्रे आणि नेहमी होणाऱ्या चुका

एच-१बी व्हिसावर अमेरिकेत आलेल्या मराठी कुटुंबांत दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की एकच अडचण पुढे येते. नोकरी करणाऱ्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असतो, पण एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेल्या पत्नीकडे किंवा पतीकडे आणि भारतात जन्मलेल्या मुलाकडे कोणताही क्रमांक नसतो, आणि क्रमांकाशिवाय एकत्रित विवरणपत्र भरता येत नाही. यावरचा उपाय आयटीआयएन, म्हणजे आयआरएस या केंद्रीय करखात्याकडून मिळणारा वैयक्तिक करदाता क्रमांक, हे बहुतेकांना ठाऊक असते. गडबड होते ती क्रमात. कोणी डब्ल्यू-७ हा अर्ज एकटाच पाठवून देतो, कोणी विवरणपत्र ऑनलाइन भरून टाकतो आणि मग अर्जाच्या मागे लागतो, कोणी पासपोर्टची नोटरी केलेली झेरॉक्स जोडतो. अशा चुकीत दोन-तीन महिने सहज जातात आणि विवरणपत्राची १५ एप्रिलची मुदत उलटून गेलेली असते. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

## टप्पा १: आपल्याला नेमका कोणता क्रमांक लागतो ते ठरवणे

व्यक्तीसाठी प्रामुख्याने तीन प्रकारचे करदाता क्रमांक असतात. पहिला सोशल सिक्युरिटी क्रमांक, जो आयआरएस नव्हे तर सोशल सिक्युरिटी कार्यालय देते. दुसरा आयटीआयएन, जो आयआरएस देते. तिसरा एटीआयएन, जो दत्तकविधी पूर्ण होण्याआधी घरात आलेल्या मुलासाठी डब्ल्यू-७ए या अर्जावर तात्पुरता मिळतो. तो फार थोड्यांना लागतो, म्हणून येथे त्याचा अधिक विचार केलेला नाही.

पहिल्या दोहोंतील नियम सरळ आहे: ज्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकतो त्याला आयटीआयएन मिळत नाही. दोन्हींतून आवडेल तो निवडण्याची मुभा नाही. त्यामुळे प्रथम व्हिसा आणि काम करण्याची परवानगी यांकडे पाहावे.

एच-१बी आणि एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वर काम करणारे, कॅम्पसवर नोकरी किंवा सीपीटी वा ओपीटी ही विद्यार्थ्यांची कामाची परवानगी मिळालेले एफ-१ विद्यार्थी आणि कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, हाती असलेले एच-४ जोडीदार या सर्वांनी एसएस-५ हा अर्ज करून सोशल सिक्युरिटी क्रमांकच घ्यावा. ईएडीसाठी आय-७६५ भरताना त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी कार्डाची मागणी करता येते. तशी खूण केली तर वेगळी फेरी वाचू शकते. एल-२ जोडीदारांच्या, म्हणजे एल-१ धारकांच्या पती-पत्नींच्या, आय-९४ या प्रवेशनोंदीवर 'एल-२एस' अशी नोंद असेल तर त्यांना वेगळ्या ईएडीची गरज नसते आणि तेही सोशल सिक्युरिटी क्रमांकास पात्र असतात. जुन्या माहितीवर विसंबून अनेक एल-२ जोडीदार आजही आयटीआयएनसाठी अर्ज करतात, आणि तो अर्ज मुळातच चुकीचा असतो.

ईएडी नसलेले एच-४ जोडीदार, एच-४ मुले आणि एफ-२, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्यांचे, कुटुंबीय यांच्यासाठी आयटीआयएन आहे. अमेरिकेत जन्मलेले मूल जन्मतः नागरिक असते आणि त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाची मागणी रुग्णालयात जन्मनोंदणी करतानाच करता येते, त्यामुळे एकाच घरात मोठ्या भावाकडे आयटीआयएन आणि धाकट्या बहिणीकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असणे अगदी स्वाभाविक आहे.

इशारा: आयटीआयएन फक्त केंद्रीय करासाठी आहे. त्यावर नोकरी करता येत नाही, इमिग्रेशनचा कोणताही दर्जा मिळत नाही आणि सोशल सिक्युरिटीचे लाभही मिळत नाहीत. नोकरीच्या कागदांवर सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या जागी आयटीआयएन लिहिणे ही गंभीर चूक आहे.

तपासणी: घरातील प्रत्येकाचे नाव, व्हिसा, ईएडी आहे की नाही आणि लागणारा क्रमांक अशी चार रकान्यांची यादी कागदावर करावी. यादीत एखाद्याच्या नावापुढे 'सोशल सिक्युरिटी, पण अजून आला नाही' असे असेल, तर घाईने आयटीआयएन मागू नये. मुदतवाढ घेऊन त्या क्रमांकाची वाट पाहावी.

## टप्पा २: आयटीआयएनची खरोखर गरज आहे का हे पाहणे

हा टप्पा लोक गाळतात. आयटीआयएन 'काढून ठेवण्याची' वस्तू नाही. त्यामागे करासंबंधीचे ठोस कारण असावे लागते.

जोडीदाराचे नाव एकत्रित विवरणपत्रावर येणार असेल तर कारण पुरेसे आहे. अवलंबित मुलांच्या बाबतीत मात्र २०१८ पासून नियम कडक झाला आहे: वैयक्तिक सूट शून्यावर आल्यामुळे, विवरणपत्रात त्या मुलामुळे एखादा प्रत्यक्ष लाभ मागितलेला असेल तरच आयटीआयएन मिळतो. आयटीआयएन असलेल्या मुलासाठी नेहमी मागितला जाणारा लाभ म्हणजे इतर अवलंबितांसाठीची ५०० डॉलरपर्यंतची करसवलत. २०२५ च्या करवर्षापासून २,२०० डॉलर असलेली मोठी बालसवलत अशा मुलासाठी मिळत नाही, कारण तिच्यासाठी मुलाकडे नोकरीस वैध असा सोशल सिक्युरिटी क्रमांक लागतो. संगणकप्रणालीने मुलाच्या नावापुढे २,२०० डॉलर दाखवले तर आनंद मानण्याआधी क्रमांकाचा प्रकार कोणता निवडला आहे ते पाहावे.

भारतात राहणाऱ्या आईवडिलांना अवलंबित दाखवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. त्यासाठी अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा करासाठी निवासी, किंवा कॅनडा अथवा मेक्सिकोची निवासी असावी लागते. नाशिकला राहणाऱ्या वडिलांना दरमहा पैसे पाठवले जातात एवढ्यावर ते या नियमात बसत नाहीत, आणि त्यांच्या नावाने केलेला डब्ल्यू-७ अर्ज नाकारला जातो.

आणखी दोन प्रसंगी आयटीआयएनची गरज नसते. भारतात राहून अमेरिकी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या व्यक्तीला दलालाकडे डब्ल्यू-८बेन हा फॉर्म द्यावा लागतो. त्यावर परदेशी करक्रमांकाच्या जागी भारतातील पॅन लिहून सामान्यतः काम भागते. तसेच उत्पन्न नसलेल्या एफ-१ किंवा एफ-२ व्यक्तीला फक्त अमेरिकेतील दिवस मोजणीतून वगळण्याचा फॉर्म ८८४३ पाठवायचा असेल, तर त्यासाठीही क्रमांक काढावा लागत नाही.

## टप्पा ३: विवरणपत्राचा प्रकार आधी निश्चित करणे

अर्जावर कोणती खूण करायची हे विवरणपत्राच्या प्रकारावर ठरते, म्हणून विवरणपत्राचा विचार आधी. करासाठी निवासी ठरण्याची मुख्य कसोटी दिवसांची आहे: चालू वर्षात किमान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाच्या दिवसांचा एक षष्ठांश मिळून किमान १८३ दिवस. १ ऑक्टोबरला एच-१बी वर प्रथमच आलेल्या व्यक्तीचे त्या वर्षी ९२ दिवस होतात, त्यामुळे त्या वर्षापुरती ती या कसोटीने अनिवासी ठरते. एफ-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतील दिवस साधारणपणे मोजलेच जात नाहीत.

अनिवासी व्यक्ती १०४०-एनआर हे विवरणपत्र भरते आणि तिला जोडीदारासह एकत्रित विवरणपत्र भरता येत नाही. त्यामुळे पहिल्या काही वर्षांतील विद्यार्थ्याने एफ-२ पत्नीसाठी घाईने आयटीआयएन मागण्यात बहुधा अर्थ नसतो. निवासी व्यक्तीला मात्र, जोडीदार अनिवासी असला तरी, दोघांनाही संपूर्ण वर्षासाठी निवासी मानावे अशी निवड करून एकत्रित १०४०, म्हणजे निवासी व्यक्तींचे विवरणपत्र, भरता येते. वर्षअखेरीस दोघांपैकी एक जण निवासी किंवा नागरिक असला पाहिजे, आणि ही निवड करत असल्याचे दोघांच्या सहीचे निवेदन विवरणपत्राला जोडावे लागते. जोडीदार अजून पुण्यातच असला तरी ही निवड करता येते.

निवडीची किंमतही लक्षात घ्यावी. दोघांचे जगभरातील उत्पन्न त्या विवरणपत्रात येते: भारतातील मुदतठेवींचे व्याज, घरभाडे आणि भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजसुद्धा. पत्नीने वर्षातील आठ महिने भारतात चांगल्या पगारावर नोकरी केलेली असेल, तर एकत्रित आणि विभक्त अशा दोन्ही आकडेमोडी करून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. एकत्रित विवरणपत्र नेहमीच फायद्याचे असते हा समज सर्रास ऐकू येतो आणि पहिल्या वर्षी तो बऱ्याचदा खोटा ठरतो.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी पूर्ण भरलेले, पण अजून न पाठवलेले विवरणपत्र हाती असावे. ते ऑनलाइन पाठवायचे नाही. नवा आयटीआयएन मागताना विवरणपत्र कागदावर छापून अर्जासोबतच जाते.

## टप्पा ४: कागदपत्रांची तयारी

अर्जदाराची ओळख आणि तो परदेशी असल्याचा पुरावा अशा दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आयआरएसच्या यादीत १३ प्रकारची कागदपत्रे आहेत, पण दोन्ही गोष्टी एकट्याने सिद्ध करणारा कागद एकच, तो म्हणजे वैध पासपोर्ट. पासपोर्टची मुदत संपलेली असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करावे.

आधार आणि पॅन यांवर भिस्त ठेवू नये. राष्ट्रीय ओळखपत्र म्हणून चालणाऱ्या कार्डावर नाव, छायाचित्र, पत्ता, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख असावी लागते. आधारवर अशी तारीख नसते. पॅनकार्ड तर यादीतच नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अट आहे आणि अलीकडे अनेक अर्ज तिच्यावर अडतात. अवलंबित म्हणून अर्ज करणाऱ्याच्या पासपोर्टमध्ये अमेरिकेत प्रवेश केल्याची तारीख नसेल, तर तो पासपोर्ट एकटा पुरत नाही. पूर्वी विमानतळावर शिक्का मिळत असे, त्यामुळे हा प्रश्न येत नव्हता; आता अनेक ठिकाणी शिक्का न मारताच प्रवेश दिला जातो, आणि ऑनलाइन काढलेला आय-९४ त्या १३ कागदांच्या यादीत नाही. अशा वेळी मूल अमेरिकेत राहते याचा वेगळा पुरावा जोडावा. सहा वर्षांखालील मुलासाठी डॉक्टरांकडील नोंद, सहा ते सतरा वर्षांच्या मुलासाठी शाळेची नोंद आणि अठरा पूर्ण झालेल्यासाठी शाळा-कॉलेजची नोंद, भाडेपावती, वीजबिल किंवा बँकेचे विवरण यांपैकी काही चालते. त्या कागदावर मुलाचे नाव आणि अमेरिकेतील पत्ता स्पष्ट हवा. पालकांच्या नावावरचे वीजबिल मुलासाठी निरुपयोगी आहे.

शाळेकडून कागद मागताना नुसते 'प्रवेश असल्याचे पत्र' मागू नये. शाळेचे नाव व पत्ता, मुलाचे नाव व पत्ता, विषय आणि गुण, परीक्षेचा कालखंड आणि शाळेच्या अधिकाऱ्याची सही व तारीख असलेले अधिकृत प्रगतिपुस्तक मागावे, आणि ते गेल्या बारा महिन्यांतील असावे.

इशारा: कोपऱ्यावरच्या दुकानातील नोटरीचा शिक्का मारलेली पासपोर्टची प्रत चालत नाही. मूळ कागद हवा, किंवा ज्या यंत्रणेने तो दिला तिनेच प्रमाणित केलेली प्रत हवी. भारतीय बँकांच्या सवयीमुळे हा नियम आपल्या लोकांना पटत नाही, पण त्यात सवलत नाही.

## टप्पा ५: डब्ल्यू-७ भरणे

प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र अर्ज भरावा. अर्ज एका पानाचा आहे, आणि बहुतेक चुका पुढील जागी होतात.

अर्जाचा प्रकार आणि कारण. सर्वांत वर नवा क्रमांक की नूतनीकरण ते निवडावे. त्याखाली 'ए' ते 'एच' अशी कारणे आहेत. निवासी ठरलेल्या एच-१बी धारकाच्या मुलासाठी 'डी' आणि जोडीदारासाठी 'ई' हे कारण लागू पडते. दोन्ही ठिकाणी त्या एच-१बी धारकाचे नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहावा लागतो, आणि 'डी' मध्ये नातेही लिहावे लागते. एच-४ म्हणजे व्हिसाधारकाचा जोडीदार असे वाचून अनेक जण 'जी' वर खूण करतात. पण 'जी' हे कारण अनिवासी व्हिसाधारकाच्या कुटुंबीयांसाठी आहे. एकत्रित १०४० सोबत 'जी' गेले तर अर्ज आणि विवरणपत्र यांचा मेळ बसत नाही.

ओळ १ए आणि १बी: नाव. मराठी नावांची खरी कसरत येथे आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे दोनच भाग असतात आणि नावाच्या भागात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही बसवलेले असते. अर्जावर मात्र पहिले, मधले आणि शेवटचे असे तीन रकाने आहेत. पासपोर्टवर जे आहे तेच, त्याच अक्षरांत, या तीन रकान्यांत विभागून लिहावे. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असताना विवरणपत्रावर सासरचे आडनाव लिहिणे ही नेहमी आढळणारी विसंगती आहे. पासपोर्ट, डब्ल्यू-७ आणि १०४० या तिन्हींवर एकच नाव हवे. जन्माच्या वेळचे नाव वेगळे असेल तर ते १बी मध्ये येते. लग्नात आडनावासोबत पहिले नावही बदललेल्या स्त्रियांनी, म्हणजे माहेरची सुनंदा सासरी मीनल झाली असेल तर, येथे माहेरचे संपूर्ण नाव लिहावे. भारतातील जन्मदाखल्यावर पहिले नावच नसेल तर तो दाखला जोडण्याच्या भानगडीत न पडता पासपोर्टच पुढे करावा.

ओळ २ आणि ३: पत्ते. ओळ २ मध्ये पत्रव्यवहाराचा पत्ता. मूळ कागदपत्रे आणि क्रमांकाचे पत्र येथेच येणार आहे, त्यामुळे पुढील तीन महिन्यांत घर बदलायचे असेल तर आधीच विचार करावा. ओळ ३ परदेशातील पत्त्यासाठी आहे. तेथे पुन्हा अमेरिकेचा पत्ता लिहू नये. भारतात आता कायमचे घर राहिले नसेल तर फक्त शेवटी राहिलेल्या देशाचे नाव, म्हणजे भारत, एवढेच लिहावे.

ओळ ४: जन्मतारीख. भारतीय पासपोर्टवर दिवस आधी आणि महिना नंतर छापलेला असतो; अर्जावर महिना आधी येतो. पासपोर्टवर ०७/०३/१९९४ असेल तर अर्जावर ०३/०७/१९९४ लिहावे. बारापेक्षा मोठा दिवस असेल तर चूक लगेच लक्षात येते. ७/८ सारख्या तारखा मात्र कोणाच्याही नजरेतून सुटतात. पासपोर्टच्या मुदतीची आणि प्रवेशाची तारीख लिहितानाही हाच क्रम पाळावा.

ओळ ६. ६ए मध्ये नागरिकत्वाचा देश, ६बी मध्ये परदेशी करक्रमांक असल्यास पॅन, ६सी मध्ये व्हिसाचा प्रकार, क्रमांक आणि मुदत, ६डी मध्ये पासपोर्टचा तपशील आणि अमेरिकेतील प्रवेशाची तारीख. जोडीदार अजून अमेरिकेत आलेलाच नसेल तर तारखेच्या जागी तसे स्पष्ट लिहावे. ६ई मध्ये पूर्वी आयटीआयएन मिळाला होता का असा प्रश्न आहे. आधी कधी, समजा लग्नापूर्वी विद्यार्थी असताना, क्रमांक मिळालेला असेल तर नवा मागू नये. जुन्याचे नूतनीकरण करावे.

सही. प्रौढ अर्जदाराने स्वतः सही करावी. पत्नीच्या अर्जावर पतीने सही केलेली चालत नाही; त्यासाठी फॉर्म २८४८ वरील अधिकारपत्र लागते. अठरा वर्षांखालील मुलासाठी आई किंवा वडील सही करू शकतात, आणि त्याखालील चौकटीत 'पालक' ही खूण करावी लागते. ही खूण राहिली म्हणून अर्ज परत आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

## टप्पा ६: मार्ग निवडणे

अर्ज तीन मार्गांनी करता येतो, आणि माझ्या मते त्यांचा पसंतीक्रम पुढीलप्रमाणे असावा.

1. प्रमाणित स्वीकृती एजंट. आयआरएसने मान्यता दिलेली ही व्यक्ती मूळ पासपोर्ट पाहून तेथेच परत करते आणि प्रमाणपत्रासह अर्ज पुढे पाठवते. आयआरएस आयटीआयएनसाठी शुल्क घेत नाही, पण एजंट स्वतःचे शुल्क घेतो. ते आधी विचारून घ्यावे. मुलांच्या बाबतीत एजंट पासपोर्ट आणि जन्मदाखला एवढेच प्रमाणित करू शकतो. असे एजंट भारतातही आहेत, त्यामुळे जोडीदार भारतात असेल तर हाच मार्ग सोयीचा. एजंटचे नाव आयआरएसच्या संकेतस्थळावरील यादीत आहे ना, हे मात्र पाहावे.

2. आयआरएसचे करदाता साहाय्य केंद्र. आधी वेळ घेऊन जावे लागते. वेळ घेताना 'आयटीआयएनसाठी कागद तपासणी करता का' हे विचारावे, कारण प्रत्येक केंद्रात ती सोय नसते. पासपोर्ट पाहून लगेच परत मिळतो.

3. टपाल. मूळ पासपोर्ट आयआरएसच्या ऑस्टिन येथील कार्यालयाला पाठवणे हा शेवटचा पर्याय समजावा. कागद परत यायला अनेक आठवडे लागतात, आणि त्या काळात घरी काही झाले तर भारतात जाता येत नाही. एच-४ ची मुदतवाढ, व्हिसा स्टॅम्पिंग किंवा वाहनपरवान्याचे काम जवळ आले असेल तर हा मार्ग धरूच नये.

## टप्पा ७: जुळणी, मुदत आणि रवानगी

सर्वांत वर डब्ल्यू-७ अर्ज, त्यांच्यामागे सही केलेले मूळ विवरणपत्र, निवड केली असल्यास दोघांच्या सहीचे निवेदन आणि शेवटी ओळखीची कागदपत्रे अशी जुळणी करावी. आई आणि दोन मुलांचे मिळून तीन अर्ज असले तरी विवरणपत्र एकच असते. तिन्ही अर्ज त्याच्यापुढे लावावेत.

विवरणपत्रावर ज्यांचा क्रमांक मागत आहोत त्यांच्या क्रमांकाची जागा कोरी सोडावी. तेथे शून्ये, पॅन किंवा मनाने तयार केलेला क्रमांक लिहू नये. काही संगणकप्रणाली जागा कोरी ठेवू देत नाहीत. अशा वेळी छापील प्रतीवर ती जागा कोरी आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.

टपालाने पाठवायचे झाल्यास हा गठ्ठा १०४० च्या सूचनांमध्ये राज्यानुसार दिलेल्या पत्त्यावर जात नाही. तो टेक्सासमधील ऑस्टिन येथील आयटीआयएन विभागाकडे जातो, आणि त्या विभागाचेही साध्या टपालासाठी व खासगी कुरिअरसाठी वेगवेगळे पत्ते आहेत. चालू वर्षाच्या डब्ल्यू-७ सूचनांतून योग्य तो पत्ता उतरवून घ्यावा. राज्याचे विवरणपत्र या पाकिटात घालू नये.

मुदतीकडे विशेष लक्ष द्यावे. विवरणपत्राची नेहमीची मुदत १५ एप्रिल आहे. तोवर तयारी होत नसेल तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ मिळते, परंतु डब्ल्यू-७ त्या फॉर्मसोबत पाठवायचा नसतो. ज्याचा क्रमांक नाही त्याच्या जागी 'आयटीआयएन मागितला जाणार आहे' असे इंग्रजीत लिहावे. मुदतवाढ विवरणपत्राला मिळते, कराच्या भरण्याला मिळत नाही; देय कर अंदाजे का होईना, १५ एप्रिलपूर्वी भरावा.

मुलामुळे मिळणाऱ्या सवलतीसाठी मुलाचा क्रमांक विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ धरून, मिळालेला किंवा निदान त्याचा अर्ज केलेला असावा लागतो. 'या वर्षी मुलाला सोडून विवरणपत्र भरू, क्रमांक आला की दुरुस्ती करू' हा सल्ला मुदत उलटल्यावर उपयोगी पडत नाही, कारण ती सवलत मागे जाऊन मागता येत नाही.

तपासणी: पाकीट बंद करण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवावी. पासपोर्टची प्रत रंगीत असावी. पोच मिळेल अशाच सेवेने पाठवावे.

## टप्पा ८: वाट पाहणे आणि आलेल्या पत्राला उत्तर देणे

साधारण सात आठवडे लागतात. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत किंवा परदेशातून केलेल्या अर्जाला नऊ ते अकरा आठवडे धरावेत. या काळात 'हरवले असेल' म्हणून दुसरा अर्ज पाठवू नये. एकाच व्यक्तीचे दोन अर्ज एकमेकांना अडवतात. सात आठवडे उलटल्यावर आयआरएसला दूरध्वनी करून चौकशी करता येते.

पुढे तीनपैकी एक पत्र येते. सीपी५६५ म्हणजे क्रमांक मिळाला. तो नऊ आकडी असतो आणि ९ ने सुरू होतो. पत्रावरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख लगेच पासपोर्टशी ताडून पाहावी. सीपी५६६ म्हणजे काही माहिती अपुरी आहे. पत्रात दिलेल्या ४५ दिवसांत नेमके तेच पाठवावे, संपूर्ण गठ्ठा पुन्हा पाठवू नये. सीपी५६७ म्हणजे अर्ज नाकारला. मग कारण वाचून ती त्रुटी दूर करावी आणि नवा अर्ज करावा. अर्ज नाकारला गेला की त्या व्यक्तीवर आधारलेला लाभही विवरणपत्रातून काढला जातो आणि कराची बाकी निघू शकते, म्हणून हे पत्र टेबलावर पडू देऊ नये.

## टप्पा ९: क्रमांक मिळाल्यानंतर

पुढील वर्षापासून हाच क्रमांक घालून विवरणपत्र ऑनलाइन भरता येते. मात्र सलग तीन वर्षे एकाही केंद्रीय विवरणपत्रात तो वापरला गेला नाही, तर तिसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो निष्क्रिय होतो. दोन-चार वर्षे भारतात राहून परत आलेल्या कुटुंबांनी हे आधी तपासावे. नूतनीकरण त्याच डब्ल्यू-७ अर्जावर होते, कागदपत्रांचे नियमही तेच, फक्त विवरणपत्र जोडण्याची सक्ती नसते.

एच-४ जोडीदाराला पुढे ईएडी आणि त्यासोबत सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला की आयटीआयएन वापरणे त्या दिवसापासून थांबवावे. आयआरएसला पत्राने कळवून जुना क्रमांक रद्द करून घ्यावा आणि त्याखालची करनोंद नव्या क्रमांकाखाली वर्ग करून घ्यावी. पत्रात संपूर्ण नाव, पत्ता आणि आयटीआयएन लिहून सोबत सोशल सिक्युरिटी कार्डाची आणि उपलब्ध असल्यास सीपी५६५ ची प्रत जोडावी. हे न केल्यास आधी कापलेला कर किंवा भरलेली रक्कम जुन्या क्रमांकाखालीच पडून राहते आणि परताव्यात धरली जात नाही. ज्या बँकेत खाते आयटीआयएनवर उघडले आहे तिलाही नवा क्रमांक त्याच आठवड्यात कळवावा, म्हणजे जानेवारीत येणारे व्याजाचे १०९९ हे विवरण योग्य क्रमांकावर येईल.